मर्गट्रॉइडांचं मूळ शोधताना

माझ्या नवऱ्याचं आडनाव मर्गट्रॉइड. लग्नानंतर मी माझंच ठेवलं, पण मुलीला ते लागलं. शाळेत कुणीतरी ‘हे कुठलं गं?’ म्हणून विचारलं आणि तो प्रश्न घरी आला. सासरी त्याचं उत्तर तयार होतं: आपण इंग्लंडातल्या यॉर्कशरमधल्या कीथ्लीजवळच्या ईस्ट रिडल्सडेन हॉल या वाड्याचे. हॅलिफॅक्सच्या जेम्स मर्गट्रॉइड या धनाढ्य कापडवाल्याने 1638 मध्ये ती इस्टेट विकत घेतली, इतकं खरं आहे. आता तो वाडा जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि तिकीट काढून बघता येतो. सासऱ्यांनी कुठल्याशा सहलीत ‘मर्गट्रॉइड कुलचिन्ह’ छापलेला मगही घेतला होता. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं. पण असे मग विकणाऱ्या दुकानदाराला त्याचं काय?

आडनावाचा उगम फार शोधावा लागला नाही. इथल्या बऱ्याच वाचनालयांच्या कार्डावर ऑक्सफर्डचा 2016 सालचा आडनावांचा कोश घरबसल्या उघडता येतो. हॅलिफॅक्सच्या पश्चिमेला वॉर्ली म्हणून गाव आहे (मी मुंबईची, त्यामुळे पहिल्यांदा हसूच आलं), तिथलं हे नाव. माळावर जाणाऱ्या वाटेलगतची, झाडं तोडून काढलेली जमीन, असा त्याचा अर्थ. आपल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखंच, फक्त आख्ख्या गावाऐवजी एका शेताचं. शेवटचं ‘रॉइड’ म्हणजे वेस्ट रायडिंगची, यॉर्कशरच्या पश्चिम भागाची, खूणच. अक्रॉइड, हॉलरॉइड, बूथरॉइड, ओल्डरॉइड ही सगळी त्याच टापूतली मंडळी. 1371 मध्ये वॉर्लीचा कॉन्स्टेबल झालेल्या जॉनने हे नाव लावलं, असं सगळीकडे सांगितलं जातं.

म्हणजे एक टोक 1371 चं आणि दुसरं माझ्या मुलीचं. मधलं सगळं रिकामं.

सुरुवात जिवंत माणसांपासून करायची, हा नियम मला हॅलिफॅक्सच्या वाचनालयातल्या बाईंनी घालून दिला. आधी सासूबाईंना बोलतं केलं, मग जन्म-विवाहाचे दाखले आणि जनगणना. दर दहा वर्षांची पानं उलटी वाचत जायचं. 1921 ची खुली आहे, 1931 ची 1942 च्या आगीत जळाली, 1941 ची युद्धामुळे झालीच नाही. ती पोकळी 1939 मध्ये युद्ध सुरू होताच केलेल्या लोकांच्या नोंदवहीने थोडीफार भरते. स्पेलिंगवर विसंबायचं नाही, कारण लिहिणारा कारकून कानावर पडेल ते लिहायचा. मधल्या अक्षरांच्या जागी फुल्या टाकून शोधलं तेव्हा कितीतरी माणसं नव्याने वर आली.

1851 च्या जनगणनेत गाडी अडली. नवऱ्याच्या पणजोबांचे वडील तिथे पाच वर्षांचे होते आणि कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलं होतं ‘नातू’. घरात आजोबा, आजी आणि एक अविवाहित मुलगी, कापडगिरणीत मागावर काम करणारी. आडनाव सगळ्यांचं मर्गट्रॉइड. मुलाच्या मुलाला आजोबांचं आडनाव असणार, त्यात नवल नाही. पण या घराला मुलगाच नव्हता.

दाखला मागवला. 1846 चा जन्म, आईच्या नावाच्या रकान्यात ती मागवाली, वडिलांच्या रकान्यात आडवी रेघ.

सासूबाईंना फोनवर सांगताना मी जरा घाबरत होते. त्या म्हणाल्या, “बरं झालं, त्या वाड्याचा कंटाळाच आला होता.” नवऱ्याला मात्र ते पचायला वेळ लागला. त्याच्या चुलतभावाने डीएनए तपासणीचं काढलं होतं, ती आता वेगळीच निघाली असती. पुरुषांकडून पुरुषांकडे जाणारं वाय गुणसूत्र त्या रेघेमागच्या माणसाचं, आडनाव मात्र आईचं. ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने 2000 मध्ये स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांची अशी तपासणी प्रसिद्ध केली होती. 48 जणांपैकी 21 जणांचं वाय गुणसूत्र जुळलं. त्यावरून मूळ पुरुष बहुधा एकच असावा असं त्याने मांडलं. आणि उरलेल्यांच्या घराण्यात केव्हातरी आमच्यासारखंच काही घडलं असणार. चुलतभाऊ त्यानंतर गप्प आहे.

मग मी मागवालीच्या वडिलांच्या मागे लागले. 1841 ची जनगणना कंजूष आहे. पंधरावरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची आणि जन्म याच काउंटीत झाला का, एवढंच विचारायचं. 1837 च्या जुलैआधी सरकारी दाखले नाहीत, म्हणून चर्चच्या नोंदवह्या. हॅलिफॅक्सच्या 1538 पासूनच्या आहेत, पण परगणा अवाढव्य, आणि या खोऱ्यातली बरीच माणसं सरकारमान्य चर्चऐवजी त्यापासून वेगळ्या झालेल्या पंथांच्या चॅपलला जाणारी. मला हवा असलेला बाप्तिस्मा चॅपलच्याच वहीत निघाला. त्या वह्या सरकारने 1837 नंतर गोळा करून घेतल्या, आता लंडनला क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि पानं ऑनलाइन दिसतात.

तिथून 1770 च्या आसपास पोचले आणि समोर तीन जॉन मर्गट्रॉइड उभे राहिले. तिघेही वॉर्लीच्या आसपासचे, तिघेही घरी माग चालवणारे. यॉर्कच्या बॉर्थविक संस्थेतल्या मृत्युपत्रांवरून एक गळला, कारण त्याने सगळ्या मुलांची नावं लिहून ठेवली होती आणि त्यात आमचा नव्हता. उरलेल्या दोघांत कोण, हे ठरत नाही. वेकफील्डच्या जहागिरीचे न्यायपट, म्हणजे तिथल्या न्यायसभेच्या नोंदी, 1274 पासून 1925 पर्यंत आहेत, लीड्स विद्यापीठात जपलेले. कुणाची जमीन कुणाकडे गेली ते त्यात सापडतं, पण 1733 पर्यंत भाषा लॅटिन आणि आधी तुमच्याकडे जमीन हवी. आमचे भाडेकरू असावेत. वॉर्लीच्या त्या पहिल्या जॉनपर्यंत धागा अजून जुळलेला नाही, तरी आडनाव इतकं एका जागचं की मला फारशी शंका नाही.

आता वेकफील्डच्या अभिलेखागारात जायचंय. 1844 च्या कायद्याने अविवाहित आईला स्थानिक न्यायाधीशांकडे जाऊन मुलाच्या बापाकडून पोटगी मागता येऊ लागली होती. मागवाली गेली असेल तर त्याचं नाव तिथे लिहिलेलं असेल. सासूबाईंचं म्हणणं, ज्याने पोराला नाव दिलं नाही त्याला वंशावळीत जागा कशाला? नवऱ्याला ते नाव हवंच आहे. मी वाचनकक्षात टेबल राखून ठेवलंय आणि दोघांनाही सोबत येऊ नका म्हणून सांगितलंय.