आमची वाटचाल: चाकं कोणीही आणतो, पाठ आमची

चिपळुणात कोणालाही विचारा, पत्र्याला पोट काढणारं व्हील मशीन इथे पहिलं कोणी बनवलं? निम्मे लोक माझ्या जुन्या भागीदाराचं नाव घेतील. घेऊ देत. ड्रॉइंग माझ्या वहीत आहे. म्हणजे होतं, वही 2021 ला पाण्यात गेली.

शेड 1998 ची. ग्रिल, शटर, टेम्पोचे हौदे, काय मिळेल ते केलं. पण खरा धंदा दिला तो गंजाने. खाऱ्या वाऱ्यात जीपचं मडगार्ड किती टिकतं हे गुहागर-दाभोळच्या माणसाला सांगायला नको. जुन्या गाडीचा तयार पार्ट मिळत नाही, मग वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने ठोकत बसायचं. दिवसभर ठोकून 18 गेजच्या पत्र्यावरून हात फिरवला की खळगे लागायचेच. ते काढतं व्हील. वर सपाट मोठं चाक, खाली पोट असलेला छोटा रोलर, आणि मधून पत्रा पुढे-मागे.

2012 ला आम्ही दोघांनी पहिलं मशीन केलं. पैसे सगळे चाकांवर. खरादवाल्याकडून सहा रोलर करून घेतले, प्रत्येकाचा गोलावा वेगळा, बियरिंग भारीतलं. फ्रेमला मात्र भागीदाराने भंगारातून 75 मिलिमीटरचा चॅनल, म्हणजे U आकाराचं लोखंड, उचलून आणला, तोही एकेरी. फ्रेम इंग्रजी C सारखी, आणि थ्रोट, म्हणजे चाकांपासून मागच्या खांबापर्यंतची खोली, 24 इंच. मी म्हटलं, अरे, हे तोंड उघडेल. तर म्हणाला, "लोखंड आहे रे, उघडतंय कसलं!"

उघडलं. खालचा रोलर वर दाबणारा स्क्रू आवळला की फ्रेमचा वरचा हात वर जायचा, आणि उघडा चॅनल नुसता वाकत नाही, पिळतोही. वरचं चाक कललं की ते एका कडेवर चालतं आणि पत्र्यावर चरे पाडतं. एका बॉडीवाल्याची बारा मडगार्डं परत आली. पत्रा आमच्या अंगावर, आगाऊ रक्कमही परत, शेडचं भाडं तीन महिने थकलं. त्याच महिन्यात भागीदार वेगळा झाला. जाताना रोलर घेऊन गेला. सहाच्या सहा! हिशेबाला बसू म्हणाला होता, तो अजून बसायचाय.

माझ्याकडे उरली ती वाकडी फ्रेम. तिच्या वरच्या हाताच्या टोकाला सिमेंटच्या तीन गोण्या टांगल्या आणि हात किती वाकतो ते मोजायला सुईचं डायल गेज लावलं. तीन मिलिमीटर. मग 150 चे दोन चॅनल समोरासमोर तोंड करून जोडले, पेटी झाली, हीच मशीनची पाठ. आधी वेल्डिंगचे नुसते टाके, मग चार बोटं इकडे, चार बोटं पलीकडच्या बाजूला, थंड होऊ देत. एका दमात रॉड ओढलात तर पेटी केळ्यासारखी होते. कोपऱ्यांत आतून 10 मिलिमीटरच्या त्रिकोणी पट्ट्या दिल्या. पुन्हा त्याच तीन गोण्या. सुई पंधरा घरांच्या आत थांबली, एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे मिलिमीटरचा सहावा हिस्सासुद्धा नाही. त्या रात्री मी गोण्या खाली उतरवल्याच नाहीत.

नव्या पोरांना सांगतो, थ्रोट मोठा करायचा हव्यास धरू नका. हात दुप्पट लांब केलात तर तेवढ्याच भाराला तो आठपट वाकतो. आणि पेटीत खाडीची रेती भरू नका. आमच्या एका शेजाऱ्याने भरली, मशीन वजनदार वाटावं म्हणून. वजनाने फ्रेम ताठ होत नसते, आणि मिठाची ओली रेती आतून पेटी खाते. दोन पावसाळ्यांत खालच्या हाताला भोक.

रोलर नवे बसवले, आणि पुढची सात-आठ वर्षं नीट गेली.

2005 च्या पुराची रेघ आम्ही भिंतीवर रंगवून ठेवली होती. वेल्डिंग सेट, ग्राइंडर सगळं त्या रेघेच्या वर, फळीवर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी त्या फळीवरून गेली. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर गुडघाभर चिखल, आणि त्यात व्हीलची फ्रेम तेवढी उभी. सेट गेले, मोटरी गेल्या, बियरिंगमध्ये गाळ. बंद करायचं ठरवलंच होतं. बायकोने तर शेडच्या मालकाशी बोलूनही ठेवलं होतं.

चौथ्या दिवशी गुहागरचे जीपवाले काका आले. 2013 पासूनचं गिऱ्हाईक. मशीन नवं असताना हेच हात लावून म्हणाले होते, "मशीन आहे की हत्ती?" डिझेलचा कॅन, ग्रीसचा डबा आणि पोराला घेऊन आले, काही न बोलता रोलर खोलायला बसले. संध्याकाळी फ्रेमला गुण्या लावला, ओळंबा सोडला. केसभर फरक नाही. मग काकांनी खिशातून पाच हजार काढले.

"कशाचे?"

"दोन्ही मडगार्डांचे आगाऊ."

"काका, गेल्या वर्षीच तर नवीन बसवलीत."

"गंजतील रे. कोकण आहे."

उजवं करून दिलं. डावं घोडीवर आहे, काकांनी अजून मागितलेलं नाही.