टाइमआउट नेमका कोणाचा? ४० लाख ओळी हलवताना

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा डेटा ऑफिसातल्या जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसवरून क्लाउडवर न्यायचा होता. छोटी टेबलं मुकाट गेली. स्टॉकच्या नोंदींचं टेबल, साधारण ४० लाख ओळींचं, दर वेळी अर्ध्यात अडकायचं.

सगळे आधी वेट टाइमआउट (रिकामं पडलेलं कनेक्शन सर्व्हर किती वेळ चालू ठेवतो ती मर्यादा) वाढवतात. तो मुळातच २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास असतो. कोणी कमी करून ठेवला नसेल तर त्याचा दोष नाही. मी घड्याळ लावून बसलो. दर वेळी ठरावीक सेकंदांनी तुटत असेल तर कुठली तरी सेटिंग आडवी येते. वर्कबेंचमध्ये (मायएसक्यूएल हाताळायचा प्रोग्रॅम) ३० सेकंदांनी २०१३ एरर, म्हणजे कनेक्शन तुटल्याची, आली तर बहुधा वर्कबेंचचाच रीड टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मर्यादा). ५० सेकंदांनी १२०५ आली तर दुसरं कोणीतरी त्याच ओळींवर लॉक धरून बसलंय. भलामोठा इन्सर्ट (ओळी भरायचा आदेश) पाठवताच २००६ आली तर मॅक्स अलाउड पॅकेट (एका वेळी किती मोठा आदेश चालतो ती मर्यादा) बघा: मायएसक्यूएल ५.७ मध्ये ४ एमबी, ८.० मध्ये ६४ एमबी.

इथे यातलं काहीच नव्हतं. सुरुवातीचे ५,०००-५,००० ओळींचे गठ्ठे झरझर जायचे, पुढचे रखडत. स्क्रिप्ट तारखेवर सॉर्ट करून ऑफसेटने (सुरुवातीच्या इतक्या ओळी सोडून पुढच्या द्या, असं सांगून) ओळी उचलत होती आणि तारखेला इंडेक्सच (पटकन शोधायची सूची) नव्हता. ऑफसेट ३० लाख म्हटलं की तेवढ्या ओळी वाचून टाकून द्यायच्या, मग पुढच्या ५,००० घ्यायच्या. हे वाचन चालू असताना क्लाउडकडचं कनेक्शन रिकामं पडून राहायचं, आणि वाटेतली फायरवॉल ते गुपचूप तोडायची. लिनक्सचा कीपअलाइव्ह (रिकामं कनेक्शन जिवंत आहे का ते तपासणारा संदेश) ७,२०० सेकंदांनी जागा होतो, तोवर सगळं संपलेलं. तो ६० वर आणला. पण ती मलमपट्टीच.

खरा इलाज म्हणजे ऑफसेट काढून टाकणं. ‘आयडी शेवटच्या आयडीपेक्षा मोठा, आयडीने क्रम, लिमिट ५,०००’. आयडी ही प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, तिला इंडेक्स असतोच) असल्यामुळे शेवटचा गठ्ठाही पहिल्याइतकाच पटकन निघतो. दर गठ्ठ्याला एक कमिट (बदल कायमचे नोंदवणं). एकेक ओळ कमिट केली तर डिस्क दमते, सगळं एकाच कमिटमध्ये घातलं तर तुटल्यावर रोलबॅकच (अर्धवट बदल मागे घेणं) तासन्‌तास चालतो. आणि शेवटचा आयडी नव्या डेटाबेसमध्येच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (त्या गठ्ठ्याच्याच कमिटसोबत) लिहायचा. मग दुपारी लाइट गेली तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येतं, ओळी दुबार पडत नाहीत. (राउटरही इन्व्हर्टरवर घ्या, कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद, हा प्रकार नेहमीचा.)

प्रायमरी की सोडून बाकीचे इंडेक्स डेटा भरल्यावर लावले. कनेक्शनला यूटीएफ८एमबी४ (अक्षरं साठवायची पद्धत) सांगायला विसरू नका, नाहीतर गिऱ्हाइकांच्या मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. हे सगळं कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, बिलिंग बंद ठेवून केलं. कारण आयडीने पुढे सरकताना मागच्या ओळीत झालेला बदल सुटून जातो.

पडताळणीला नुसती ओळींची मोजणी पुरत नाही. महिनावार नगांची आणि रकमेची बेरीज दोन्हीकडे काढून जुळवली, मगच जुना सर्व्हर फक्त वाचण्यापुरता ठेवला.