तुम्ही विचारलंत म्हणून: खाशाबा आज गादीवर, म्हणजे मॅटवर, उतरले असते तर?

कुंडलचं मैदान असो की कराडकडची एखादी जत्रा, शेवटची कुस्ती सुटली की हा प्रश्न येतोच. खाशाबा जाधव तंत्रात मोठे की आत्ताचे रवी दहिया, अमन सेहरावत? प्रश्न चांगला आहे, कारण तुलनेला पाया आहे. तिघेही फ्रीस्टाइल ५७ किलोचे. खाशाबांचं १९५२चं हेलसिंकीतलं कांस्य, रवीचं टोकियोतलं रौप्य, अमनचं २०२४चं पॅरिसमधलं कांस्य. वेगवेगळ्या वजनांचे मल्ल घेतले की वाद शेवटी गावाच्या अभिमानावर जातो, इथे तो टळतो.

माझं मत आधीच सांगतो. अंगाला अंग भिडल्यावरच्या उभ्या कुस्तीत खाशाबा सरस. पायात शिरणं आणि खाली गेलेल्याला लोळवून गुण काढणं, यात आजची पोरं पुढे. आणि हा फरक पायाखालची जमीन आणि नियम यांनी घडवलाय.

आधी जमीन बघा. हौद्यातली, म्हणजे आखाड्याच्या खड्ड्यातली, माती उकरून मऊ केलेली असते. लांबून पटाला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, झेपावलं तर मागच्या पायाचा रेटा मातीतच जिरतो आणि टेकलेला गुडघा जागीच रुततो. म्हणून मातीतला मल्ल खडाखडी करत, मान, मनगट, दंड धरत जवळ येतो आणि तिथून ढाक, टांग, कलाजंग असे फेकीचे डाव लावतो. गादीवर बुटाचा तळवा पकड घेतो, गुडघा सरकतो, त्यामुळे हातभर अंतरावरूनही एकेरी पट निघतो. मातीत वाढलेला पोरगा गादीवर पहिल्यांदा येतो तेव्हा याच ठिकाणी फसतो. तो मान धरायला उभा राहतो, कंबर वर ठेवतो, आणि समोरचा खालून पाय उचलून मोकळा होतो.

खाशाबांचा हुकमी डाव ढाक. तो नीट समजून घेतला की त्यांची पातळी कळते. उजव्या हाताने मानेला वेढा, डाव्या हाताने प्रतिस्पर्ध्याचा उजवा दंड कोपराच्या वर धरून स्वतःच्या छातीशी आवळायचा. उजवा पाय त्याच्या पायांसमोर टाकून वळायचं, कंबर त्याच्या कंबरेच्या खाली आणि पूर्ण आडवी गेली पाहिजे. मग दंड खेचत, स्वतःची मान डावीकडे वळवत फेकायचं. बहुतेकांचा डाव कंबरेत बिघडतो. कंबर आडवी न जाता बाजूला राहिली की समोरचा भार मागे टाकतो, कंबरेला मिठी मारतो आणि मागे जाऊन बसतो. दंड सैल सुटला तर तो मान काढून घेतो आणि मारणाराच पाठीवर पडतो. शिवाय फ्रीस्टाइलमध्ये दोन्ही हातांनी नुसती मान आवळता येत नाही, समोरच्याचा एक हात वेढ्यात हवाच. ऑलिंपिकच्या दर्जाच्या मल्लाला असा जवळ आणून, वळायला वेळ मिळवून फेकणं हे ताकदीचं काम नव्हे. आजही उभ्याने फेकून पाठ दाखवली तर चार गुण मिळतात, फेक मोठी असेल तर पाच. तरीही पोरं ढाक टाळतात, कारण फसला तर गुण समोरच्याला जातात.

मातीतल्या मल्लांची ही वरच्या अंगाची कुस्ती किती पक्की होती, याचा पुरावा जकार्तात मिळतो. १९६२च्या आशियाई स्पर्धेत शिराळा तालुक्यातल्या पुनवतच्या गणपतराव आंदळकरांनी सुवर्ण घेतलं ते ग्रीको-रोमनमध्ये, म्हणजे जिथे पायाला हातच लावायचा नाही. कवठेपिरानच्या मारुती मानेंनाही त्याच प्रकारात रौप्य मिळालं.

आता खालची कुस्ती. मैदानात निकाल चितपटीवर लागतो, दोन्ही खांदे टेकले तर हार. क्षणभर पाठ दिसून मल्ल लोळून सुटला तर काही बिघडत नाही. गादीवर त्याच लोळण्याचे दोन गुण जातात. पुन्हा लोळवलं, पुन्हा दोन. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. योगेश्वर दत्तने २०१२ला लंडनमध्ये कांस्याच्या लढतीत हेच केलं, दोन्ही घोटे एकमेकांवर चढवून आवळले आणि प्रतिस्पर्ध्याला लोळवत नेलं. याला फितेले म्हणतात. मातीतला घिस्सा हा डाव इथे कामाला येत नाही, कारण त्यात जांघ्याची पकड लागते आणि गादीवर कपडा धरायला बंदी आहे. पॅरिसला उपांत्य फेरीत जपानच्या रेई हिगुचीने अमनला पहिल्याच फेरीत १०-० असं संपवलं. अमनसारखा मल्ल तीन मिनिटंही उभा राहू शकला नाही, इतकी ही बाजू आता धारदार झाली आहे.

म्हणून १९५२चे खाशाबा जसेच्या तसे आजच्या गादीवर उतरवले तर ते गुणांवर हरतील, असं मला वाटतं. पण एवढ्यावर थांबणं अन्याय आहे. १९४८ला लंडनला गेले तेव्हा गादी त्यांच्या सवयीची नव्हती, तरी ते ५२ किलोत सहावे आले. चार वर्षांत वजनगट वाढवून त्यांनी पदक घेतलं. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी पंधरा मिनिटांची झुंज झाल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत रशियाच्या मल्लाशी लढायला उभं केलं, मधली विश्रांती मिळालीच नाही. त्या दोघांनीच पुढे सुवर्ण आणि रौप्य नेलं. इतक्या वेगाने शिकणाऱ्या माणसाला आजची तालीम आणि रोजचा व्हिडिओ दिला, तर वर्षभरात पट आणि फितेले त्याच्या अंगात भिनले असते. ढाक तर होताच.

वजनाचाही एक मुद्दा आहे. आता स्पर्धेच्या दोन्ही सकाळी वजन होतं. अमन उपांत्य फेरीनंतर ६१.५ किलोपर्यंत गेला होता आणि दुसऱ्या सकाळपर्यंत त्याला साडेचार किलोहून जास्त उतरवावे लागले. रात्रभर घाम काढून आलेल्या अंगाने त्याने कांस्याच्या लढतीत प्वेर्तो रिकोच्या डेरियन क्रूझला १३-५ हरवलं. त्या अवस्थेत डाव चुकत नाहीत, हे तंत्र हाडात मुरल्याचं लक्षण आहे.

आणि जे म्हणतात की गुणांच्या कुस्तीत निकाल राहिला नाही, त्यांनी रवीची टोकियोतली उपांत्य लढत बघावी. कझाकस्तानच्या सनायेवविरुद्ध २-९ने मागे, शेवटचं मिनिट, आणि रवीने त्याला चितपट केलं. सनायेव दंडाला चावत होता तरी रवीची पकड सुटली नाही.

उलटा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. अमनला कुंडलच्या मातीत, वेळेची मर्यादा नसलेल्या निकाली कुस्तीला उतरवलं तर? पट तो काढेल, पाठीवर बसेलही. पण समोरचा पालथा पडून दम खाईल, आणि त्याला उलटवायला फितेले पुरणार नाही, खांदे टेकवावे लागतील. तिथे पैज लावायची झाली तर मी खाशाबांवर लावेन.