साडेसात मीटर : आमच्या खाणीची वाटचाल

१९९४ साली पुण्याजवळच्या वाघोलीच्या पुढे दगडाच्या खाणीसाठी दोन एकरांचा गट भाडेपट्ट्यानं घेतला, तेव्हा जवळ एक जुना कॉम्प्रेसर, दोन जॅकहॅमर (हातात धरून भोकं पाडायची यंत्रं) आणि वस्ताद, एवढंच होतं. वस्ताद वडार घरातले, माझे चार आणे भागीदार. कातळावर घणाचा ठोका टाकून दगडाची नस कुठून जाते ते सांगायचे. माझा सिव्हिलचा डिप्लोमा त्यांच्यापुढे कागदापुरता. फक्त एका बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून डम्पी लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण, आणली. "मालक, दुर्बिणीतून दगड फुटतो का?" ते म्हणाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हद्दीच्या दगडापासून टेप टाकायचो, बेंचची, म्हणजे खाणीतल्या पायरीची, पातळी घ्यायचो आणि वहीत लिहायचो. पोरं हसायची.

मग खडी फोडायचा क्रशर आला, डंपर आले. ती वर्षं बरी गेली.

फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या, म्हणजे दगड, मुरूम, वाळूच्या, खाणींनाही पर्यावरण मंजुरी हवी. निकाल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. नदीतली वाळू कशी उपसली जात होती ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण मी नऊ महिने खाण बंद ठेवली आणि कागदांच्या मागे लागलो. वॉचमनचा पगार परवडेना, तोही काढला. त्या नऊ महिन्यांत शेजारचा खाणवाला रात्री खोदत होता. त्याच्याकडे मंजुरी कुठली होती, हे मला विचारू नका.

नियम असा की हद्दीपासून साडेसात मीटर आत कोणी खोदायचं नाही. त्याचे साडेसात, माझे साडेसात, मधे पंधरा मीटर कातळाची भिंत उभी राहते. शेजाऱ्यानं आपली बाजू खाल्ली आणि मग माझीही. दोन्ही खड्डे एक झाले. २०१३ मध्ये ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्रानं सरकारी मोजणी झाली, त्यात माझ्या बाजूची लांबी १२० मीटर, रुंदी साडेसात, खोली १३. म्हणजे ११,७०० घनमीटर, ४,१०० ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). अनधिकृत उत्खनन, बाजारभावाच्या तिप्पट दंड, स्वामित्वधन, म्हणजे सरकारची रॉयल्टी, वेगळं. क्रशरला सील. साहेब म्हणाले, "खड्डा तुमच्या गटात, म्हणजे उत्खनन तुमचं." वही पुढे केली, तर म्हणाले, ही तर तुमचीच वही.

घरात सोनं राहिलं नव्हतं. त्या दिवसांत कसबा पेठेतले आबा, गवंडीकामाचे ठेकेदार, बसनं यायचे. इतकी वर्षं त्यांनी दुसरीकडची खडी घेतली नाही. पाऊण इंची मेटल तळहातावर घेऊन चपटी निघाली तर अख्खी गाडी परत पाठवायचे, आणि मी ती निमूट परत घ्यायचो. सील लागल्यावर महिन्याला ठरलेली रक्कम टेबलावर ठेवून जायचे. "खडी झाली की वळती करा," एवढंच. पावती मागितली नाही. मी मात्र दिली.

सोडवलं शेवटी वस्तादांनी. भिंतीचा उत्तर टोकाला चार-पाच फुटांचा बुंधा उरला होता. तिथे सुरुंगाच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या दगडावर तशाच उमटलेल्या. वस्तादांनी त्यात मूठ घातली. मूठ आत गेली! आमच्या जॅकहॅमरचं भोक ३३ मिलीमीटरचं, त्यात अंगठा जाईल फार तर. चार इंची भोक वॅगन ड्रिलचं, म्हणजे चाकांवरच्या मोठ्या ड्रिलचं, आणि त्या पट्ट्यात वॅगन ड्रिल एकाकडेच होता. फेरपाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांना वस्तादांनी स्वतःची मूठ घालायला लावली. अपील चौदा महिने चाललं, दंड रद्द झाला. शेजाऱ्याला काय झालं? त्याच्या बाजूला राडारोडा भरून आज प्लॉटिंग चालू आहे.

नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी. वाहतूक पास, म्हणजे खनिज गाडीतून न्यायचा परवाना, कोरा देऊ नका. आणि पहिल्या दिवशी वरची काळी माती काढाल ती मुरमात मिसळू देऊ नका, वेगळा ढीग लावा, त्यावर ताग पेरा. वीस वर्षांनी विकत आणायला गेलात तर एवढी माती मिळत नाही. नुसत्या कातळावर झाड धरत नाही. आम्ही खड्ड्यात आधी खडीची भुकटी आणि मुरूम भरला, वर दोन फूट माती. पहिल्या वर्षी गुलमोहर लावले, ते वाऱ्यानं आडवे झाले. करंज आणि उंबर टिकले. खोल कोपरा पाण्यासाठी ठेवला, कुंपण घातलं.

२०२१ मध्ये स्वामित्वधन ब्रासला ४०० वरून ६०० झालं, त्याच वर्षी आम्ही क्रशर विकला. वस्ताद त्याआधीच गेले. डम्पी लेव्हल कपाटात आहे.

मातीचा एक ढीग उरलाय. गेल्या पावसाळ्याआधी शेजाऱ्याचा माणूस आला, प्लॉटच्या बागेला माती हवी म्हणाला. म्हटलं, न्या की, पास काढून न्या, ब्रास मी स्वतः मोजून देतो. अजून कोणी आलेलं नाही.