ब्लँक कुठे आहे?

आमच्या उपकरण केंद्रात नमुना जमा करताना जो अर्ज भरावा लागतो, त्यात काही वर्षांपूर्वी मी एक रकाना वाढवला: ‘सोबत ब्लँक जोडला आहे का?’ ब्लँक म्हणजे नमुना वगळून बाकी सगळे तेच असलेला द्रव. बहुतेक अर्जांत तो रकाना रिकामाच येतो आणि काही जण तिथे ‘लागू नाही’ असे लिहून मोकळे होतात. विद्यापीठातील विश्लेषणात्मक रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञाचे काम म्हणजे यंत्रात व्हायल (नमुन्याची छोटी कुपी) ठेवणे, बटण दाबणे आणि आलेख छापून देणे, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात माझ्या दिवसाचा बराच भाग, ज्यात काहीही नसायला हवे अशा द्रवात खरोखरच काही नाही ना, हे तपासण्यात जातो.

सकाळ जीसी-एमएसपासून, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांची वस्तुमाने मोजणाऱ्या यंत्रापासून, सुरू होते. काहीही इंजेक्ट न करता मी आधी 18, 28 आणि 32 या वस्तुमानांकडे, म्हणजे पाणी, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्याकडे पाहते. शेवटची दोन शिखरे हवेतल्या प्रमाणात, साधारण चारास एक अशी, वर आलेली दिसली की कुठला तरी नट सैल झाला आहे किंवा फेरूल (सांधा घट्ट बसवणारे कडे) गेले आहे, हे ओळखायचे आणि पाना हाती घ्यायचा. त्यानंतर ट्यूनिंग, म्हणजे एका ठरावीक संयुगावर यंत्र जुळवून घेणे, त्यात 69, 219 आणि 502 ही शिखरे जागच्या जागी आहेत की नाहीत ते पाहणे, आणि मग नुसत्या द्रावकाचा एक रन. एवढे होईपर्यंत दारात कोणीतरी उभे असतेच: “मॅडम, माझा नमुना लागला का?”

अशाच एका सकाळी पीएचडी करणारा एक विद्यार्थी पानांच्या अर्काचा आलेख घेऊन आला होता. त्यात एक उंच, देखणे शिखर होते आणि त्याच्या वर्णपटात सर्वांत ठळक रेघ होती 149 वर. यंत्राच्या लायब्ररीने, म्हणजे ओळखीच्या वर्णपटांच्या संग्रहाने, ते थॅलेट असल्याचे सांगितले होते. वनस्पतींतून थॅलेट मिळाल्याचे सांगणारे शोधनिबंधही त्याने जमवले होते, त्यामुळे स्वारी खुशीत होती. असे सगळेच निबंध चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही, परंतु मऊ प्लॅस्टिकला लवचिकपणा आणण्यासाठी थॅलेट सर्रास वापरतात आणि ते सेंद्रिय द्रावकात सहज उतरते, त्यामुळे 149 दिसले की माझी नजर आधी पानांकडे जात नाही, भांड्यांकडे जाते.

“पण मॅडम, ब्लँक तर दिला होता आणि तो स्वच्छ आला,” तो म्हणाला. ते खरेच होते. मात्र त्याने दिलेला ब्लँक म्हणजे बाटलीतून थेट व्हायलमध्ये ओतलेला द्रावक होता. अर्काच्या बाबतीत 500 मिलिलिटर द्रावक गाळून, रोटरी बाष्पित्रावर उडवून 1 मिलिलिटरवर आणला होता. म्हणजे त्या द्रावकात किंवा वाटेतल्या भांड्यांत जी काही घाण होती ती पाचशे पटींनी दाट झाली होती. मी त्याला पाने वगळून बाकी सगळे जसेच्या तसे पुन्हा करायला सांगितले: तेवढाच द्रावक, तीच गाळणी, तोच फ्लास्क, तेवढाच वेळ. तीन दिवसांनी त्याने व्हायल आणून दिली आणि पाने नसलेल्या त्या ‘अर्कात’ 149 चे शिखर जवळजवळ तितकेच उंच उभे राहिले. टप्पे एकेक करून सुटे केल्यावर दोष सापडला तो द्रावक ओढून घ्यायला लावलेल्या मऊ प्लॅस्टिकच्या नळीत. त्याचा चेहरा पडला आणि मला फार शहाणपण सांगवेना.

सांगवेना, कारण माझीही अशी फजिती झालेली आहे. एचपीएलसीवर, म्हणजे द्रव दाबाने कॉलम नावाच्या नळीतून सोडून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, पाण्यापासून अ‍ॅसिटोनायट्राइलकडे जाणारा ग्रेडियंट (पहिल्याचे प्रमाण घटवत दुसऱ्याचे वाढवणे) चालू होता आणि चौदाव्या मिनिटाला एक शिखर येत होते, नमुना असो वा नसो. मी इंजेक्टरची सुई धुतली, सील बदलले, शेवटी कॉलमही बदलला. दोन दिवस गेले. पाण्यावर संशय घ्यायचे मनातही आले नाही, कारण शुद्धीकरण यंत्राचा आकडा सारखा 18.2 मेगाओहम-सेंटिमीटर दाखवत होता आणि त्याहून शुद्ध पाणी नसते असे मी धरून चालले होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले, “रन सुरू करण्याआधी कॉलमवरून पाणी जाऊ देतेस तो वेळ दुप्पट करून बघ.” केला, आणि शिखर जवळजवळ दुप्पट झाले. पाण्यातली सूक्ष्म सेंद्रिय अशुद्धी सेंद्रिय रेणू धरून ठेवणाऱ्या सी-18 कॉलमच्या तोंडाशी साठत राहायची आणि अ‍ॅसिटोनायट्राइलचे प्रमाण वाढले की एकगठ्ठा बाहेर पडायची. 18.2 हा आकडा आयनांबद्दल बोलतो. ज्या सेंद्रिय रेणूंवर विद्युतभार नाही त्यांची तो दखलच घेत नाही. शुद्धीकरण यंत्राचे कार्ट्रिज बदलताच चौदावे मिनिट सपाट झाले.

कधी कधी दोष ना भांड्याचा असतो ना पाण्याचा, तो यंत्राच्या तत्त्वातच असतो. आयसीपी-एमएसमध्ये, म्हणजे तप्त प्लाझ्मात नमुन्याचे आयन करून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्रात, आर्सेनिक मोजायचे ते 75 या वस्तुमानावर, कारण निसर्गात आर्सेनिकचे तेवढे एकच समस्थानिक आढळते. तिथे प्लाझ्मा मात्र आरगॉनचा. 40 वस्तुमानाचा आरगॉन आणि 35 वस्तुमानाचा क्लोरीन एकत्र आले की बरोबर 75 होतात. नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून आणला तर आर्सेनिकचा कणही नसताना आकडा येतो. हीलियमची कोलिजन सेल (अशा जोड्यांना हीलियमशी टकरी घडवून रोखणारा कप्पा) असली तर हा त्रास बराच कमी होतो, पण त्याच आम्लाचा ब्लँक दिलेला नसेल तर किती कमी झाला हे मी कशाच्या आधारावर सांगणार? म्हणून कोणते आम्ल वापरले हे न लिहिलेली बाटली मी परत पाठवते, आणि त्यावरून माझ्याविषयी जे बोलले जाते तेही मला ठाऊक आहे.

खरा वाद होतो तो यंत्राच्या वेळेवरून. तीस नमुन्यांच्या रांगेत मी दर दहा नमुन्यांनंतर एक ब्लँक लावते आणि फार दाट नमुना असला तर त्याच्या पाठोपाठ आणखी एक, कारण आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात उतरतो आणि बिचाऱ्या पुढच्याला त्याचा पत्ता नसतो. पंचेचाळीस मिनिटांच्या रनला चार जादा ब्लँक म्हणजे तीन तास. प्रबंध सादर करायची तारीख आठवड्यावर आलेल्या माणसाला हे तीन तास माझ्या हट्टापायी वाया गेल्यासारखे वाटतात आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. तरी रांग मी बदलत नाही.

पानांवर काम करणारा तो विद्यार्थी महिनाभराने पुन्हा आला. आता सगळी भांडी काचेची होती आणि नळी टेफ्लॉनची. 149 चे शिखर पुरते गेले नव्हते, पण खुरटून इतके लहान झाले होते की त्याच्या सावलीत दडलेले, थोडे उशिरा येणारे एक बुटके शिखर प्रथमच वेगळे दिसू लागले. तो कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत राहिला.

“मॅडम, हे तरी पानांतलंच असेल ना?”

मी त्याच्याकडून दुसरी व्हायल घेतली. या वेळी त्याने न सांगता आणली होती आणि झाकणावर मार्करने मोठ्या अक्षरांत ‘पानांशिवाय’ असे लिहिले होते. ती ट्रेमध्ये ठेवून मी म्हणाले, “बस जरा. पंचेचाळीस मिनिटांनी कळेल.”