४८ मिनिटांचा हिशेब : गाण्याच्या रिॲलिटी शोचा प्रोड्युसर

झी टीव्हीवर १९९५ साली ‘सा रे ग म’ सुरू झालं, २००४ मध्ये ब्रिटनच्या ‘पॉप आयडॉल’वरून ‘इंडियन आयडॉल’ आलं, आणि मराठीत लिटिल चॅम्प्सनी घराघरांत जागा मिळवली. अशा कार्यक्रमाचा प्रोड्युसर व्हायचं असेल, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पैसे घालणारा निर्माता वेगळा. इथला प्रोड्युसर बहुतेकदा सीझनपुरत्या करारावर काम करतो आणि पडद्यावर दिसेल त्याच्या खरेपणाची जबाबदारी त्याची असते.

पहिली पायरी लॉगिंग. तासन्‌तास फुटेज ऐकायचं आणि कोण काय बोललं, कुठल्या कॅमेऱ्यावर, कितव्या टाइमकोडला (फुटेजवर नोंदलेल्या वेळेला), हे लिहून काढायचं. हे काम रटाळ म्हणून टाळू नका. कुठला बाइट, म्हणजे बोलण्याचा तुकडा, चालेल हे ओळखणारा कान इथेच तयार होतो. ‘भीती वाटली का?’ या प्रश्नाला ‘हो, खूप’ असं उत्तर आलं, तर प्रश्न कापल्यावर ते कुचकामी ठरतं. म्हणून स्पर्धकाला ‘मला अंतऱ्याची भीती वाटत होती’ असं पूर्ण वाक्य बोलायला सांगायचं. मुलाखतीआधी एसी बंद करायचा आणि शेवटी त्या खोलीची निव्वळ शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करायची. जोड झाकायला ती लागतेच.

पुढे रिसर्च, ऑडिशन, मग स्पर्धकाच्या घरी जाऊन एव्ही, म्हणजे त्याची ओळख करून देणारी छोटी चित्रफीत, शूट करणं. त्यानंतर गाण्यांची जबाबदारी येते. दर फेरीला प्रत्येकाची तीन गाणी तयार ठेवावीत. एखाद्याचे हक्क मिळत नाहीत, एखादं दुसऱ्याच कुणाला जातं. पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’ पेटीच्या कुठल्या स्वरावर धरायचा, हे स्वतः ऐकून ठरवावं. मुलगी काळी दोनमध्ये सहज गाते आणि वाद्यसंयोजन करणाऱ्या अरेंजरकडे कागदावर काळी चार गेली, तर ट्रॅक रिहर्सलच्या दिवशी बदलावा लागतो आणि वादकांची वेळ वाया जाते. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतोय का, हे दर आठवड्याला तपासायचं.

खरी कसोटी एडिटवर. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या नियमानुसार तासात जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, त्यात वाहिनीच्या स्वतःच्याही आल्या. उरली ४८. एका स्पर्धकाची एव्ही दीड मिनिट, गाणं अडीच, परीक्षकांचं बोलणं दोन, म्हणजे सहा मिनिटं. सात स्पर्धकांची झाली ४२. उरलेल्या सहात सुरुवात, सूत्रसंचालन आणि ब्रेकआधीची उत्सुकता. परीक्षक मात्र सेटवर दहा मिनिटं बोललेले असतात. ‘वरचा सा लागला नाही, पण ताल पक्का होता’ या वाक्यातला पहिलाच अर्धा भाग ठेवला, तर वाक्य खरं असूनही निकाल खोटा वाटतो. वेळ वाचवायचा असेल तर एव्ही कापा, परीक्षकाचं ‘पण’ कापू नका.

तसंच रिॲक्शन शॉटचं. आईचे डोळे भरून आले ते दुसऱ्याच मुलाच्या गाण्याला, आणि ते इथे जोडले, ही फसवणूक आहे. सोपी आहे म्हणून सर्रास होते. प्रत्येक कॅमेऱ्याचं स्वतंत्र रेकॉर्डिंग ठेवलं आणि सकाळी, तसंच जेवणाच्या सुट्टीनंतर, सगळ्यांचे टाइमकोड जुळवून घेतले, तर खरा शॉट मिनिटभरात सापडतो. न जुळवल्यास कॅमेऱ्यांची घड्याळं हळूहळू मागेपुढे सरकतात आणि कंटाळलेला एडिटर हाताला येईल तो चेहरा लावतो.

ऑडिशनच्या काळात तीन-चार आठवड्यांची बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, ठेवता येते. मतदान सुरू झालं की ती संपते. शूट, एडिट, प्रक्षेपण सगळं त्याच आठवड्यात. म्हणून एव्ही आणि रिलीज फॉर्म (पडद्यावर दाखवायला दिलेली लेखी संमती) आधीच हातावेगळे करावेत. फॉर्मवर सही नसलेला एक काका अख्खी एव्ही अडवतो.

स्पर्धक १४ वर्षांखालचे असतील, तर चित्रीकरण होणार त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती, आणि मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. कॉल शीट, म्हणजे शूटच्या दिवसाचं वेळापत्रक, बनवताना हे पाच तास आधी मांडावेत, लायटिंग आणि सेटची वेळ त्यांच्याभोवती बसवावी. परवानगी सहा महिनेच चालते, त्यामुळे भाग वाढवायचं ठरलं की पहिला कागद नव्या अर्जाचा.