मांजर माझं, राहते सासूबाईंकडे

मांजर आणायची कल्पना माझी. फॉर्म मी भरला, खिडक्यांना जाळ्या मी ठोकून घेतल्या, लसीकरणाचं कार्ड माझ्या पर्समध्ये असतं. आणि बाईसाहेब राहतात सासूबाईंच्या खोलीत. त्याच सासूबाई, ज्या म्हणाल्या होत्या, "अगं, तुझ्या क्लासची एवढी पोरं येतात ती काय कमी आहेत, म्हणून हे लचांड?"

पोरं म्हणजे नववी-दहावीच्या गणिताची. नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो हाउसच्या पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी सतरंजी पडते आणि घरात बोललेलं कुणाला ऐकू येईनासं होतं. अशा घरात घाबरट मांजर आणावं का, हा प्रश्न प्राण्यांच्या शेल्टरवाल्यांनीही विचारला. मागे एक खोली आहे, ती तिचीच राहील, असं सांगितल्यावर त्यांनी खोलीचे फोटो मागवले. खिडक्यांना जाळी आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं विचारलं. मुलगी द्यायच्या आधी एवढी चौकशी हल्ली कोण करतं!

शेल्टरमधल्या मांजरांच्या खोलीत शिरल्याबरोबर दोन-तीन बोके पायात आले, एकाने तर ओढणीच धरली. ही मात्र कोपऱ्यातल्या लिटर ट्रेमध्ये, म्हणजे शी-शूच्या ट्रेमध्ये, बसून होती. फार घाबरलेली मांजरं असं करतात. परक्या जागेत आपला स्वतःचा वास तेवढा तिथे असतो. काळी-तांबूस, चट्ट्यापट्ट्यांची. बाहुल्या एवढ्या पसरलेल्या की डोळ्यांचा रंग कळेना. डाव्या कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं. ती नसबंदीची खूण. भूल दिलेली असतानाच ते टोक काढतात, म्हणजे लांबून ओळखू येतं आणि पुन्हा कुणी धरून नेत नाही.

तिथली मुलगी म्हणाली, "काकू, ही अंबडच्या एका बंद गाळ्यात सापडली. फोटोसुद्धा धड येत नाही हिचा, मग कोण नेणार?" तिच्याकडूनच कळलं, की पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात लागला नाही, तर पुढे माणूस म्हणजे धोका असंच त्याच्या डोक्यात बसतं. ते मागाहून कमी करता येतं, पण फार सावकाश.

मला ती आवडली असं नाही म्हणणार, दिसलीच कुठे नीट? पण दिवसभर सगळे माझ्याकडे काहीतरी मागत असतात. काहीही न मागणारं कुणीतरी घरात असावं, असं वाटलं.

कार्डावर तिचं नाव ब्राउनी होतं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ठकी म्हणायला सुरुवात केली.

मागच्या खोलीत आम्ही एक खोका ठेवला, दोन बाजूंना दारं कापलेला. एकच दार असलं तर कोंडी झाल्यासारखं वाटतं. आत शेल्टरमधलाच तिचा कळकट टॉवेल, न धुता. खोक्याचं हे प्रकरण मला आधी बाळबोध वाटलं होतं. पण नेदरलँड्समधल्या एका शेल्टरात नव्या मांजरांवर अभ्यास झालाय, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. काहींना लपायला खोका दिला, काहींना नाही. खोकावाल्यांचा ताण लवकर उतरला. आमच्या खोक्यावर मिक्सरच्या कंपनीचं नाव आहे. नंतर मी चांगली वेताची टोपली आणली, तिच्याकडे ठकीने अजून ढुंकून पाहिलेलं नाही.

पहिल्या रात्री ती जेवली नाही. यात मात्र थांबून बघू म्हणायची सोय नसते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि ते जिवावर बेततं. डॉक्टरांना फोन करायचं ठरवूनच झोपले. दुसऱ्या रात्री सगळीकडचे दिवे गेल्यावर बशी चाटूनपुसून साफ झाली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

खाण्यावरून घरात वेगळंच महाभारत. आम्ही शाकाहारी. 'मग तिलाही शाकाहारी करा की' असं सुचवणारे नातेवाईक आहेत, त्यांना मी आता उत्तर देत नाही. मांजराला टॉरिन नावाचं अमिनो आम्ल लागतं. शरीरात ते पुरेसं तयार होत नाही, भाजीपाल्यात जवळपास नसतंच, मिळतं ते मांसमच्छीतून. कमी पडलं तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. आईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला: तिचा धर्म तिला, आपला आपल्याला, बशी मोरीत धुवायची, ओट्यावर आणायची नाही. एवढ्या समंजस बाईने मग गुपचूप वाटीभर दूध ठेवलं, आणि पुढचे दोन दिवस लिटर साफ करताना माझ्या नाकी नऊ आले. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही. लहानपणी पंचवटीतल्या वाड्यात मांजरी दूध-पोळीवर जगल्या, हा त्यांचा मुद्दा. त्या उंदरांवर जगल्या, हा माझा.

मैत्री करायची माझी पद्धत म्हणजे तिच्या खोलीत जमिनीवर बसून पेपर तपासणे. तिच्याकडे पाठ नाही, तोंडही नाही, एक कूस. हळू आवाजात पायथागोरसचं प्रमेय तिला कितीदा वाचून दाखवलं असेल! चुकून नजर गेलीच तर डोळे सावकाश मिटायचे आणि उघडायचे. एकटक बघणं मांजराला धमकी वाटते. ससेक्स विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. माणसाने असे सावकाश डोळे मिटले की मांजरंही डोळे किलकिले करतात, अनोळखी माणसाजवळही जास्त येतात. ठकीने मला पहिल्यांदा डोळे मिटून दाखवले, तेव्हा मी कुणाच्या तरी पेपरात भलत्याच ठिकाणी बरोबरची खूण केली. खोडली नाही.

पण मांडीत जाऊन बसली ती आईंच्या. थंडीचे दिवस होते, निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या रोज पेपरात. आईंचे गुडघे दुखतात, दुपारी त्या पलंगावर शेकाची पिशवी घेऊन 'देशदूत' वाचतात. पान उलटायचा आवाज, मधूनच पुटपुटणं, दुसरं काही नाही. मांजराकडे तर त्या बघतच नाहीत. मागच्या खोलीचं दार आम्ही उघडं ठेवायला लागलो होतो, तर ही भिंतीच्या कडेकडेने, पोट जमिनीला घासत, तिथवर पोचलेली. आधी पिशवीवर एक पाय. मग दुसरा. मग पंजे आळीपाळीने दाबत कणीक तिंबल्यासारखं बराच वेळ, आणि तिथेच मुटकुळं. मांजराला ३० ते ३८ अंशांची ऊब सुखाची वाटते, तेव्हा हे प्रेम निम्मं पिशवीवरचं, असं मी म्हणून पाहिलं. आईंनी पेपर न हलवता मला हातानेच 'गप्प बस' केलं. नवऱ्याने फोटो काढायला मोबाइल उचलला, तर त्यालाही डोळे वटारले.

माझं मत असं झालंय, की आईंनी काही केलं नाही म्हणूनच ते जमलं. आम्ही बाकीचे सगळे काहीतरी करत होतो. तिला जिंकायला निघालो होतो.

देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव असला की आमच्या काचा थरथरतात. आम्ही इतकी वर्षं इथे राहतोय, आमच्या लक्षातही येत नाही. ठकी मात्र आईंच्या लोखंडी कपाटाच्या मागे जाते, आणि सराव संपल्यावरही बराच वेळ निघत नाही. ओढून काढायचं नाही, पाणी जवळ ठेवायचं, आपण आपलं काम करायचं. क्लास सुटल्यावर मात्र हल्ली ती पुढच्या खोलीत येते आणि सतरंजीवर ज्या ज्या जागी मुलं बसली होती ती ती जागा हुंगून काढते. खिडकीकडच्या कोपऱ्यात एक जण रोज वेफर्स सांडतो, तिथे जास्त वेळ. मुलांनी तिला अजून पाहिलेलं नाही. ती खरंच आहे का, यावर त्यांच्यात वाद आहेत.

आता दिवाळीला नणंद पुण्याहून मुलांना घेऊन येणार. फटाक्यांच्या रात्री मागच्या खोलीचे पडदे ओढून, पंखा मोठा करून, खोका कपाटाशेजारी सरकवून ठेवायचं ठरलंय. पाहुण्यांचं काय करायचं हे मी ठरवायच्या आत आईंनीच नणंदेला फोन केला. "हे बघ, पोरांना आधीच सांगून ठेव. ठकी कुठाय, ठकी कुठाय करत खोल्या धुंडाळायच्या नाहीत. आली तर आली. नाही आली तर फराळ करा आणि मुकाट्याने पत्ते खेळा."